एवढ्याशा डबीत जागा येते कुठून

गल्लीत त्यांना सगळे भिंगकाकू म्हणत. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या बाईंच्या कपाळावर काळ्या पट्ट्यानं बांधलेलं भिंग सकाळी दुकान उघडताना चढायचं, ते संध्याकाळी दार ओढेपर्यंत उतरायचं नाही. कधीकधी त्या तशाच घरी जायच्या, भाजी निवडायला बसायच्या आणि सवयीनं भिंग डोळ्यावर ओढायच्या.

"अळी सापडली का?" नवरा विचारायचा.

"सापडली. पाठीवर केस किती आहेत तेही सांगू?"

दुकान वडिलांचं. खरं तर ते भावाकडे जायचं होतं, पण भावाच्या तळहाताला घाम सुटायचा आणि घामेजल्या बोटांनी पोलादाला हात लावला की महिन्याभरात गंज धरतो. काकूंचे हात मात्र कडक उन्हातही कोरडे ठणठणीत. वडिलांनी दोघांचे तळवे आपल्या गालाला लावून पाहिले आणि मुलीला म्हणाले, "बस इथं." एवढाच काय तो वारसाहक्काचा समारंभ.

पण कोरड्या हातांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यांना बंद झाकण बघवत नसे. लहानपणी त्यांनी घरातलं कुलूप उघडून पाहिलं होतं. किल्लीनं नव्हे, मागून, पत्रा काढून. शिवणयंत्र, वजनकाटा, डॉक्टरांचा रक्तदाब मोजायचा डबा, काहीही सुटलं नाही. बरंचसं परत जोडलंही. जे जोडलं गेलं नाही त्याबद्दल आईचा मार खाल्ला आणि तो मार वसूल झाला असंच त्यांना वाटत राहिलं.

नवरा अगदी दुसऱ्या टोकाचा. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि वर्तमानपत्रासाठी शब्दकोडी रचायचा. उघडण्याचा त्याला कंटाळा, लपवण्यात गोडी. पेन्सिल, पट्टी, खोडरबर आणि चौकटी एवढंच त्याचं जग. रबराचा चुरा अंथरुणात, डाळीत, चहात. पुढं वर्तमानपत्राच्या संपादकांनी कळवलं की कोडी आता कागदावर चालणार नाहीत, संगणकावर करून पाठवा. घरात कॉम्प्युटर आला तो त्यामुळं.

तो आणून दिला दोन दुकानं सोडून बसणाऱ्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं. कुणीही काहीही तक्रार घेऊन आलं की त्याचा पहिला प्रश्न एकच, "रीस्टार्ट करून बघितलं का?" म्हणून त्याचं नावच रीस्टार्ट पडलं होतं. त्याची बायकोसुद्धा त्याला भांडणात तेच म्हणायची. रीस्टार्टनं जुना, पिवळट पडलेला कॉम्प्युटर टेबलावर ठेवला, तारा जोडल्या आणि कुणी न विचारताच सांगितलं, "काका, यात चाळीस मेगाबाइटची हार्ड डिस्क आहे. तुम्ही कोडी किती करता? आठवड्याला दोन? मग तुम्ही, तुमची मुलगी आणि तिची नातवंडं सगळी मिळून कोडी केली तरी ही भरायची नाही."

"काय नाही भरायची?" स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं.

"डिस्क, काकू. सगळं त्यात साठतं."

"केवढी असते?"

रीस्टार्टनं दोन्ही हातांनी विटेएवढा आकार दाखवला. काकू हात पुसत बाहेर आल्या. "उघडून दाखव."

"काकू, चालू वस्तू उघडायची नसते."

"बरं. मेली की सांग."

मरायला तिनं काही वर्षं घेतली. तोवर ती भरूनही गेली होती, कारण मुलीनं त्यात खेळ घातले. एका खेळानं काकांच्या साऱ्या कोड्यांपेक्षा जास्त जागा खाल्ली तेव्हा काकांना चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं. मग डिस्क कण्हायला लागली. रीस्टार्टनं वेळेत सगळं नव्या डिस्कवर उतरवलं आणि जुनी काकूंच्या हातात ठेवली. "घ्या तुमची मयत."

काकूंनी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. स्क्रू निघाले, झाकण निघालं आणि त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या. आत तीन तबकड्या एकावर एक, मध्ये बारीक फट सोडून. वरची तर आरशासारखी. बाजूला एक दांडी, तिच्या टोकाला चिमुकल्या चिमट्यासारखे हात, तबकडीवर अलगद टेकलेले. मनगटी घड्याळातल्या सगळ्यात नाजूक स्प्रिंगीला त्या केसाची उपमा देत. या हातांच्या टोकाला जे बसवलं होतं ते तर तिळाचंही धाकटं भावंड. त्यांनी चिमट्यानं दांडी हलवली. ती जरासुद्धा न अडखळता सरकली. असं गुळगुळीत फिरणं त्यांनी फक्त फार चांगल्या घड्याळात पाहिलं होतं.

मग त्यांनी भिंग लावून तबकडी पाहिली. काही नाही. दिव्याकडे तिरकी धरली. काही नाही. रीस्टार्टला हाक मारली.

"यांची कोडी कुठं आहेत यात?"

"असतात, काकू. दिसत नाहीत."

"का दिसत नाहीत?"

"चुंबकानं लिहितात ना."

"म्हणजे कसं?"

रीस्टार्टनं डोकं खाजवलं. "आत जातात आणि बाहेर येतात. मधलं मी कधी विचारलं नाही."

काकूंना याचंच नवल वाटलं. दिवसभर या डब्या हाताळणारा माणूस, आणि मधलं त्यानं कधी विचारलंच नाही!

नवी डिस्क चार गिगाबाइटची होती. म्हणजे पहिलीच्या शंभरपट, असं रीस्टार्टनं सांगितलं आणि आता ही मात्र आयुष्यभर पुरेल असंही बजावलं. काकूंना दुसऱ्याच गोष्टीचं कोडं पडलं. शंभरपट माल ठेवायचा तर गोदाम शंभरपट मोठं हवं, निदान दुप्पट तरी. ही डबी तर पहिलीच्या निम्मीसुद्धा नव्हती. पुस्तकाएवढी, हातात मावणारी. मग जागा आली कुठून?

"तबकड्या जास्त असतील," नवरा चौकटी आखता आखता म्हणाला. "पातळ करून कोंबल्या असतील. पापडासारख्या."

"असतील," काकू म्हणाल्या. पण तेव्हापासून त्या डिस्कच्या मरणाची वाट बघायला लागल्या. उघडपणे नाही, पण कॉम्प्युटरमधून जरा खर्र आवाज आला की कान टवकारत. मुलगी म्हणायची, "आई, तू गिधाडासारखी बसतेस हं."

ती डिस्कही यथाकाल गेली, तिच्यातलंही सगळं आधी नव्या डिस्कवर उतरवलेलं होतं. काकूंनी झाकण काढलं. आत तबकड्या दोनच.

त्यांनी डबी पालथी केली, खाली काही लपलंय का पाहिलं. नाही. पहिलीत तीन, हिच्यात दोन. माल शंभरपट आणि फळ्या कमी. त्या दिवशी त्यांच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा तासकाटा मिनिटकाट्याच्या जागी बसला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

विचार करून करून त्यांना एवढंच सुचलं की अक्षरं लहान झाली असणार. मग किती लहान होऊ शकतात? त्यांनी पितळेचा एक तुकडा घासून लख्ख केला, कोरणी घेतली, भिंग ओढलं आणि आपल्या अंगठ्याच्या नखाच्या रुंदीत शेजारी शेजारी रेघा मारायला सुरुवात केली. पंचवीस-तीस रेघा स्वच्छ उमटल्या. त्याहून दाट मारायला गेल्या की दोन रेघा एकमेकींत मिसळायच्या. कोरणीला नव्यानं धार लावली तेव्हा चाळिशी गाठली. नवऱ्याला तो तुकडा दाखवला तर तो म्हणाला, "छान. आता यात माझं एक कोडं लिहून दाखव." त्यांनी प्रयत्न केला. पहिल्या आडव्या शब्दाला डोळ्यांतून पाणी आलं.

तिसरी डिस्क ऐंशी गिगाबाइटची. तोवर मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती. तिनं फोटो काढावेत, आई-बाबांकडे आणून ओतावेत असं सुरू झालं. पूर्वी भिंतीवर फोटो लावायचा तर एक निवडावा लागे. आता एकाच लाटेचे चौदा फोटो आणि चौदाही ठेवलेले. "जागा आहे ना," मुलगी म्हणायची. काकांनीही जुनी-नवी सगळी कोडी त्यातच ठेवली होती. शिवाय एक मोठं कोडं ते सवडीनं रचत होते, वर्तमानपत्राचं पूर्ण पान भरेल असं. रविवारी दुपारी त्यात एखादा शब्द घालायचे, दोन काढायचे.

एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. रीस्टार्ट आला, बटणं दाबली, डिस्क बाहेर काढली, कानाशी धरली, नाकाशी धरली, पुन्हा कानाशी धरली आणि म्हणाला, "गेली."

"नक्की?"

"फिरतच नाही ना, काकू. गेली."

आणि तो दुसऱ्या कामाला गेला. काका छापखान्यात. डिस्क काकूंच्या हातात. आता इथं दुसऱ्या कुणी डिस्क बाजूला ठेवली असती. पण दुकान उघडून काकू बाकावर बसल्या आणि डिस्क समोर ठेवली. त्यात कुणाचं काय आहे हा विचार त्यांच्या मनात आलाच नाही असं नाही. आला, पण आजवर दोन्ही वेळा सगळं आधी उतरवून घेतलेलं होतं, तसंच याही वेळी असेल असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मन मोठं सोयीचं असतं. स्क्रू सुटले.

तबकडी एक. एकच!

त्यांना इतका आनंद झाला की त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या. तीन, दोन, एक. त्यांचं अनुमान बरोबर होतं. अक्षरं लहान होत चालली होती, इतकी की ऐंशी गिगाबाइट एकाच फळीवर मावत होते. त्यांनी तबकडीवर बोट ठेवलं. बोटाचा ठसा उमटला तो फडक्यानं पुसला. दांडी हलवून पाहिली. दुपारी जेवायला घरी गेल्यावर ताट वाढायच्या आधी त्यांनी नवऱ्याला बातमी दिली.

"अहो, एकच तबकडी निघाली!"

"कशात?"

"आपल्या डिस्कमध्ये."

काकांच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "पण माझी कोडी उतरवून घेतलीत ना तू आणि रीस्टार्टनं?"

"तुम्हीच ठेवली असतील की दुसरीकडे."

"मला वाटलं रीस्टार्ट ठेवतो."

रीस्टार्टला बोलावलं. तो दारातच उभा राहिला, आत येईना. "मी गेली म्हणालो, काकू. म्हणजे बहुतेक गेली. तुम्ही लगेच उघडाल असं…" पुढचं त्यानं गिळलं.

काका उठून टेबलाशी गेले. रागावले की ते बोलत नसत, कोरा कागद घेऊन रिकाम्या चौकटी आखत बसत. त्या दुपारी ते छापखान्यात परत गेले नाहीत. काकू दुकानात आल्या तेव्हा घरी पट्टीचा कागदावर सरकण्याचा आवाज चालूच होता.

दुसऱ्या दिवशी एक इंजिनिअरबाई आपलं घड्याळ न्यायला आली. आजोबांचं खिशातलं घड्याळ. काकूंनी ते साफ करून, चाकाचा तुटका दात नवा बसवून ठेवलं होतं. ती पैसे काढत होती, तेवढ्यात तिची नजर बाकावर गेली आणि ती ओरडलीच.

"अहो, हे उघडं का आहे?"

काकू दचकल्या. "बंद पडली होती. डिस्क आहे."

"डिस्क आहे ते दिसतंय मला. मी त्यांची हेडंच बनवते. म्हणजे ही, दांडीच्या टोकाची. आमच्या कारखान्यात." तिनं बाकाकडे वाकून डबी हळूच उचलली, उलटी केली. खालच्या हिरव्या सर्किटच्या पाटीवर कडेला एक छोटासा काळा डाग होता. तिनं तो हुंगला. "ही पाटी जळलीय फक्त. आतलं सगळं शाबूत असणार होतं. काकू, उघडलीत कशाला?"

भिंगकाकूंनी घाईनं पंखा बंद केला. दुकानात कुणी शिंकलं तर त्याच्यावर डोळे वटारणाऱ्या, प्रत्येक सुटा भाग काचेच्या घुमटाखाली झाकून ठेवणाऱ्या आपण. आणि ही डबी काल सकाळपासून वाऱ्यावर.

"धूळ," त्या पुटपुटल्या.

"धूळ," इंजिनिअरबाई म्हणाली. मग तिला बहुधा काकूंचा चेहरा दिसला. ती स्टूल ओढून बसली. "काय होतं यात?"

काकूंनी सांगितलं. कोडी, लाटा, पानभर कोडं. आणि मग, लाजत असूनही, राहवलं नाही म्हणून विचारलं, "पण धूळ किती चालते हिला? आमच्याकडे बारीक कण चालून जातो कधीकधी."

"हे हेड तबकडीला टेकत नाही, काकू. ती फिरायला लागली की तिच्याबरोबर हवा ओढली जाते, त्या हवेवर हे तरंगतं. मधली फट किती असेल? तुमच्या डोक्यावरच्या एका केसाचे उभे काही हजार भाग करा. त्यातला एक."

"हजार?"

"काही हजार. धुळीचा कण म्हणजे तिच्यासाठी वाटेतला डोंगर."

"इतकं जवळ कशाला जायचं?"

"अक्षर जितकं लहान, तितकं नाक जवळ न्यावं लागतं ना वाचायला. तुम्ही तेच करता की."

काकूंनी खणातून पितळेचा तुकडा काढून तिच्यापुढं ठेवला. इंजिनिअरबाईनं भिंग मागून घेतलं आणि त्या चाळीस रेघा बराच वेळ पाहिल्या. "हातानं?"

"हातानं. एवढ्या जागेत तुमच्या किती बसतात?"

"तीस-पस्तीस हजार." तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की काकूंना धक्का बसायलाही क्षणभर वेळ लागला. "आणि आता आणखी बसणार. आतापर्यंत चुंबकाचे कण आडवे मांडायचे, जमिनीवर झोपलेल्या माणसांसारखे. आता आम्ही ते उभे करतोय. खोलीत झोपलेली माणसं किती मावतात आणि उभी किती मावतात?"

"अगं बाई!" भिंगकाकू म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर असं दुकानात स्टुलावर बसून सांगितलं जाईल याची त्यांना कल्पना नव्हती. त्याच क्षणी त्यांना घरचा पट्टीचा आवाज आठवला आणि त्यांनी तुकडा परत खणात ठेवला.

इंजिनिअरबाईनं डबी स्वच्छ पिशवीत बंद केली. "मी प्रयत्न करते. वचन देत नाही. धुवून, दुसरी पाटी लावून बघू. तोवर हे सांगा, माझ्या आजोबांच्या घड्याळात टिकटिक होतं ते नक्की काय आपटतं? मला लहानपणापासून विचारायचंय." काकूंनी तिला चाकाचा एकेक दात अडवून सोडणारा चिमुकला आकडा दाखवला. ती बराच वेळ घड्याळात वाकून बसली आणि जाताना म्हणाली, "म्हणजे सतत अडवतात म्हणून ते चालतं! नाहीतर सगळी चावी एकदम सुटली असती." लहान मुलाला खुळखुळा मिळावा तसा तिला आनंद झाला होता.

घरी काका अजून मोजकंच बोलत होते. वाढ. पुरे. दिवा लाव. आठवडा असा गेला. मग एका संध्याकाळी जेवताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "उघडलीस तेव्हा आत काय दिसलं?"

"काही नाही हो. आरसा असतो तसं. माझंच तोंड दिसलं."

काकांनी घास गिळला. "म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या तोंडावर कोडी लिहीत होतो म्हणायचं."

काकूंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही थोडंथोडं केलं. त्या रात्री काकांनी त्यांच्याकडून उभ्या केलेल्या कणांची गोष्ट दोनदा ऐकून घेतली.

इंजिनिअरबाई आली ती वाचलेलं उतरवलेली एक सीडी घेऊन. थोडं मिळालं होतं. नंतर आत गेलेल्या धुळीनं गोल ओरखडा पाडला आणि पुढचं वाचता येईना. मुलीच्या फोटोंची तर मजाच झाली होती. कित्येक फोटो अर्धे आले होते: वर आकाश, मुलीचं डोकं, खांदे आणि त्याखाली सपाट राखाडी पट्टा. जणू कुणी पडदा अर्धा ओढून घेतला होता. कोड्यांचं तसं झालं नव्हतं. जे कोडं आलं ते अक्षर न अक्षर पूर्ण, जे गेलं ते मुळीच नाही.

"असं का?" काकूंनी विचारलं.

"फोटो मोठा असतो, खूप जागा व्यापतो. ओरखड्यानं मध्येच कापला जातो. कोडं एवढंसं. ते एका कोपऱ्यात बसलेलं असतं. वाचलं तर सगळं, नाही तर काहीच नाही."

पानभराचं मोठं कोडं आलं नव्हतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा काकांनी काकूंसाठी म्हणून केलेलं छोटं कोडंही नव्हतं. ते कुठं छापलंही नव्हतं. काकूंना त्यातली एकच सूचना पाठ होती: 'लहानाला मोठं करतं, पण पोरं वाढवत नाही, दोन अक्षरी.' बाकीच्या सूचना काकांनाही आठवेनात. ते पुन्हा करू म्हणाले. केलं नाही. काकूंनी कधी आठवणही करून दिली नाही. ते छोटं कोडं कुणालाच परत मिळालं नाही.

वर्तमानपत्राला मात्र दर आठवड्याला दोन हवीच होती. आतापर्यंत काका अडचणीच्या वेळी जुन्या कोड्यांतल्या चार-दोन सूचना उचलून, जरा फिरवून नव्यात घालत. आता जुन्यांपैकी फारच थोडी उरली होती. पहिले दोन महिने ते हैराण होते. वाचकांची पत्रं आली, कोडी अवघड झाली आहेत. संपादकांनी फोन करून समज दिली. पण एका सकाळी ते स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "ओळख. 'उलटसुलट कसंही वाचा, जुनं होणार नाही.' तीन अक्षरी."

काकू भांडी घासता घासता थांबल्या. "नवीन."

"कसं ओळखलंस?"

"तुमचं तोंड बघून."

त्या वर्षीच्या शेवटी कारखान्यात कामगारांच्या घरच्यांना आत येऊन बघायची मुभा होती. इंजिनिअरबाईनं काकूंचं नाव मावशी म्हणून घातलं. काकूंनी भिंग घरी ठेवलं आणि दाराशी पोचल्यावर कपाळ चाचपून त्यांना उघडंउघडं वाटलं. आत काचेपलीकडे एक खोली होती. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, नुसते डोळे दिसत होते. ती इतकी सावकाश चालत होती की जणू कुणीतरी शेजारी झोपलंय.

"घाई केली की अंगावरून कण झडतात," इंजिनिअरबाईनं सांगितलं.

मग तिनं काकूंना सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. नळीला डोळा लावण्याची सवय त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. खाली ते हेड होतं, मोठं करून. त्याच्या पोटाला खोबणी होत्या, कोरलेल्या, घडीव, कडा सुबक. हवेला आत घेऊन खाली दाबायला म्हणे त्या तशा असतात. काकू बघत राहिल्या. मागं रांग लागली. कुणीतरी खाकरलं. इंजिनिअरबाईनं हळूच खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी डोळा न काढता विचारलं, "या कडा कोण घासतं गं?"

"माणूस नाही घासत, काकू. प्रकाशानं आणि आम्लानं कोरतात."

"तरी कुणीतरी आधी रेघ मारून दाखवली असेल ना?"

इंजिनिअरबाईनं प्रश्न वहीत टिपून घेतला. ती म्हणाली, विचारते.

यानंतर बरीच वर्षं गेली. काका छापखान्यातून सुटले, कोड्यांतून नाही. रीस्टार्टचे केस पांढरे झाले आणि त्यानं भिंतीवर हातानं लिहून पाटी लावली: 'आधी दोन ठिकाणी ठेवा, मग माझ्याकडे या.' काकूंकडं घड्याळं कमी येऊ लागली, पण येणारी चांगली येऊ लागली. मुलीनं आपली एक भली मोठी डिस्क वापरून वापरून संपवली, चार टेराबाइटची. काकूंच्या हिशेबानं ती पहिलीच्या लाखपट भरत होती. मुलीनं फोन करून सांगितलं, "आई, सगळं तीन ठिकाणी उतरवलंय. इथल्या दुरुस्तीवाल्यानं खालची सर्किटची पाटीही बदलून बघितली. खरंच मेलीय. पाठवू?"

"पाठव."

काकूंनी तरीही रीस्टार्टला समोर बसवून तीनदा विचारलं. मग बाक पुसला, पंखा बंद केला आणि स्क्रू काढले. त्यांना खात्री होती की आत एकच तबकडी असणार, फार तर आणखी पातळ. त्या इतक्या ठाम होत्या की मोजून बघायचीसुद्धा गरज वाटत नव्हती.

झाकण निघालं. आत पाच.

रीस्टार्टनं मोजल्या. काकूंनी मोजल्या. पाचच.

"तीन, दोन, एक," काकू म्हणाल्या, "आणि आता पाच? हे काय सोंग आहे?"

रीस्टार्टनं खांदे उडवले. पण या वेळी तोही वाकून बघत होता. काकूंनी फोन उचलला. इंजिनिअरबाई आता कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होती, तरी काकूंचा फोन घ्यायची.

"अगं, अक्षर लहान करायचं सोडून दिलंत की काय तुम्ही? पाच फळ्या निघाल्या."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "सोडलं नाही, काकू. अडलंय. एका मर्यादेपलीकडे लहान केलं की कण स्वतःच विसरतात."

"विसरतात म्हणजे?"

"आपोआप पालथे होतात. कुणी हात न लावता."

"कशानं?"

"उबेनं."

"कसल्या उबेनं? आत चूल आहे का?"

"खोलीची ऊब, काकू. तुमच्या दुकानात आत्ता आहे तेवढीसुद्धा पुरते, कण फारच लहान असला तर."

भिंगकाकूंनी दुकानाकडं एकवार पाहिलं. खिडकीतून ऊन आलं होतं, बाकाच्या कडेवर पडलं होतं. त्यांनी त्या उन्हात तळहात धरून बघितला. कोरडा, किंचित कोमट.

"मग किती लहान असेपर्यंत आठवण राहते?" त्यांनी विचारलं. "म्हणजे नेमकं कुठं विसरायला लागतात? आणि सगळे एकदम विसरतात की एकेक?"

"फोनवर नाही सांगता येणार. चित्र काढावं लागेल."

"मग येऊ का?"

"आत्ता?"

"का? कामात आहेस?"

"या," इंजिनिअरबाई म्हणाली.

काकूंनी पाचही तबकड्यांवर काचेचा घुमट झाकला, रीस्टार्टला दुकानाकडं लक्ष द्यायला सांगितलं आणि पिशवीत कोरे कागद घातले. बस कोपऱ्यावर उभीच होती. त्या चढत असताना वाहकानं विचारलं, "काकू, कपाळावर काय हे?" त्यांनी हात वर नेला. भिंग तसंच होतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "लागेल."